ओहोटीच्या आधीची बस

नारळाला घरची खबर सांगायची असते, आणि ती सगळ्याच घरांत सांगतात, असं मला दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं. नारळी पौर्णिमेला परतूरमधली बाकीची घरं राखीच्या गडबडीत असायची. आमच्याकडे राखी दुपारी. सकाळी पाटावर एक नारळ बसलेला असायचा, शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला, आणि आमचे वडील, अण्णा, त्याच्यासमोर मांडी घालून त्याला वर्षभराची हकीकत सांगायचे. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं. एका वर्षी म्हैस व्यायल्याचंही सांगितलेलं मला आठवतं. सांगून झालं की घरातला प्रत्येकजण नारळाला हात लावून नमस्कार करायचा. मग अण्णा तो पिशवीत घालून घनसावंगीची बस धरायचे, तिथून जीपने गोदावरीकाठचं एक गाव गाठायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ सोडायचे.

"घरला जाय," ते त्याला म्हणायचे. "सांग, आम्ही हाव म्हणून."

घर म्हणजे कोकणातलं समुद्रकाठचं एक गाव. त्या गावाचं नाव आमच्या आडनावातच आहे, म्हणून इथे सांगत नाही. अण्णांच्या पणज्याचा बाप मिठाच्या बैलांबरोबर घाट चढून वर आला आणि परत गेला नाही, एवढंच घरात ठाऊक होतं. का गेला नाही याच्या दोन गोष्टी होत्या. एकीत भावाशी भांडण होतं, दुसरीत इकडची बायको होती. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती: तो आईला 'चार महिन्यांत येतो' म्हणून निघाला होता. गेला नाही, पण पुढच्या श्रावणात त्याने नदीत नारळ सोडला. नदी समुद्राला मिळते आणि समुद्र आपल्या गावाला लागून आहे, एवढा त्याचा भूगोल. आमच्या घराण्याने तो भूगोल पिढ्यान्पिढ्या सांभाळला.

मोडला मी. मी सातव्या महिन्यात जन्मले. 'हिला तिथंबी दम निघला न्हाई,' असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची. घाई हा माझा स्वभावच आहे. कोणी वाक्य अर्धं बोलेपर्यंत मी ते पूर्ण करून मोकळी होते, आणि पुष्कळदा चुकीचं. पण त्या वेळी मी चुकीचं बोलले नव्हते, हीच पंचाईत आहे. सहावीत गुरुजींनी भिंतीवर महाराष्ट्राचा आणि शेजारी भारताचा नकाशा लावला, आणि गोदावरी नाशिककडून निघून आमच्या खालून वळत वळत थेट आंध्रात जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, हे छडीने दाखवलं. मी घरी पळत आले. अण्णा बाजार समितीत पोती वजन करणारे मापाडी; ते नुकतेच तिथून आले होते, अंगावर कापसाचे बारीक तंतू तसेच होते.

"अण्णा, आपला नारळ कोकणात जातच नाही. गोदावरी उलटी जाते. एवढ्या वर्षांत एकपण पोचला नाही."

हे सगळं मी एका दमात आणि टाळी वाजवून सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.  दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अण्णा शाळेत आले, टोपी काढून गुरुजींना विचारून नकाशासमोर उभे राहिले आणि बोटाने नदी धरून शेवटपर्यंत गेले. मग बोट उचलून डावीकडे समुद्राच्या निळ्यावर ठेवलं आणि तिथून परत नदीपर्यंत येऊ शकतं का ते बघितलं. वाटेत सगळा डोंगर होता. माझ्या वर्गातली पोरं हसत होती आणि मला त्यांचा राग यायच्या ऐवजी अण्णांचा आला.

पुढच्या श्रावणात पाटावर नारळ नव्हता. आईने विचारलं तर अण्णा म्हणाले, "पत्ताच चुकीचा हाय. कोणाला सांगून राह्यलो आपण?"

त्यानंतर सोळा वर्षं आमच्या घरची खबर कोणालाच गेली नाही. त्या सोळा वर्षांत माझा भाऊ दहावी नापास होऊन जालन्याला स्टीलच्या कारखान्यात लागला, आत्याच्या तीन मुलींची लग्नं झाली, मी डी.एड. केलं, घनसावंगीला शाळेत शिक्षिका झाले, माझं लग्न झालं. आणि मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली. कावीळ म्हणाले, मग काविळीच्या पलीकडचं काहीतरी म्हणाले, आणि दीड महिन्यात ती गेली. तेव्हा परीक्षा म्हणून मी शेवटचे आठ दिवस घरी नव्हते. हे मी फारसं कोणाला सांगत नाही.

आईच्या दिवसांनंतर अण्णा एकदाच बोलले. "तुझ्या मायचं सांगायचं राह्यलं," म्हणाले. मी विचारलं नाही, कोणाला. मला कळलं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं हेही कळलं होतं. माझ्या तोंडून ते वाक्य सहावीत निघालं नसतं तर अण्णांनी त्या श्रावणात नदीवर जाऊन सांगितलं असतं आणि मोकळे झाले असते. तेव्हापासून कुठेही बसले तरी माझा पाय हलत राहायचा.

म्हणून मी ठरवलं, अण्णांना एकदा त्या गावाला न्यायचं. खुद्द समुद्रात नारळ टाकू दे. ठरवलं आणि तरी त्याला काही वर्षं लागली. कधी रजा नाही, कधी माझं बाळंतपण. शेवटी नव्वदचं दशक संपत आलं असताना एका नारळी पौर्णिमेला जमलं. तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली. मुलगी सासूबाईंकडे ठेवली. चौथ्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि हजेरीपटापासून फळ्यावरच्या सुविचारापर्यंत सगळं माझ्याकडे होतं.

परतूरच्या स्टेशनावर अण्णा नवी टोपी घालून उभे होते. त्यांच्या पिशवीत धोतरजोडी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि परतूरच्या बाजारातून घेतलेला नारळ.

"अण्णा, आपण कोकणात चाललोय. तिथे नारळच नारळ आहेत."

"ते त्येंचे. ह्यो आपला हाय."

"इथे मिळतो तोसुद्धा खालूनच येतो."

"मंग त्याला बी घर बघायला मिळंल," अण्णा म्हणाले, आणि गाडी आल्यामुळे मला पुढे वाद घालता आला नाही.

रेल्वेने जालना, जालन्याहून एसटीने पुणे, पुण्याहून दुसरी गाडी, मग घाट आणि तिसरी गाडी. घाटात धुकं होतं, पुढचं वळण दिसत नव्हतं. अण्णा खिडकीला नाक लावून पाण्याचे ओहोळ मोजत होते. "एवढं पाणी! अन् समदं वाया," असं त्यांनी पंधरा वेळा तरी म्हटलं असेल. आमच्याकडे त्या वर्षी ज्वारीला कशीबशी ओल होती.

सकाळी नऊच्या सुमाराला त्या गावात उतरलो. मला काहीतरी वाटेल अशी माझी समजूत होती. पायाखाली लाल चिखल, स्टँडच्या पत्र्यावर पाऊस, सुक्या मासळीचा वास, आणि आतून काहीसुद्धा वाटत नव्हतं. मी पहिल्यांदा परतीच्या गाडीची वेळ विचारली. साडेबाराची एक, तीच पुढची पुण्याची गाडी गाठून देणारी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी.

अण्णांनी मात्र चहाच्या दुकानात आपलं आडनाव सांगितलं. फार दिवसांनी माहेरी आलेल्या बाईसारखं त्यांचं तोंड झालं होतं. दुकानदार चहा गाळता गाळता हसला.

"या आडनावाचं इथे कोणी नाही हो. गावात राहणारा गावाचं नाव कशाला लावील? हे सोडून गेले ते लावतात. मुंबईत असतात, बडोद्याला असतात. तुम्ही कुठले?"

"परतूर. जालना जिल्हा."

"ते कुठे आलं?"

अण्णांनी सांगायचा प्रयत्न केला. औरंगाबादच्या पुढे, परभणीच्या अलीकडे. दुकानदाराने मान हलवली, पण त्याला काही कळलं नव्हतं. मला अण्णांसाठी वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

समुद्र बघून अण्णा थांबले. मी शिक्षिका, सहलीसोबत एकदा मुंबईला चौपाटी बघितलेली, मला नवल नव्हतं. ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग चपला काढून पुढे गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकले.

"खरंच खारट हाय की!" म्हणाले. इतकी वर्षं त्यांचा त्यावर पुरता विश्वास नव्हता असं दिसलं.

मग ते वाळूत बसले, टॉवेल पसरून त्यावर नारळ ठेवला आणि सांगायला लागले. सोळा वर्षांचं. मी समजत होते दहा मिनिटांत होईल. पण अण्णा काही गाळत नव्हते. भावाची दहावी, आत्याच्या मुली एकेक, त्यांचे नवरे काय करतात, शेजारच्या चाचांचं हजला जाणं, कारण त्यांनी आमची विहीर खोदताना हात लावला होता. भुरभुर पाऊस चालू होता. मी छत्री त्यांच्यावर धरून उभी होते आणि माझं मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं. दहा चाळीस. दहा पन्नास. आईचं आलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम हळू झाला. लाटांमुळे मला ऐकू येईना. ओठ मात्र हलताना दिसत होते. मी वाकून ऐकायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं.

सव्वाअकराला ते पाण्यात उतरले आणि त्यांनी नारळ टाकला. लांब टाकला, सत्तरीच्या माणसाच्या मानाने पुष्कळच लांब. नारळ बुडाला, वर आला, डोलला, आणि दोन-तीन लाटांत घरंगळत आमच्या पायाशी येऊन थांबला.

अण्णांनी तो उचलून परत टाकला. परत आला. तिसऱ्यांदा कमरेपर्यंत आत जाऊन टाकला, मी ओरडत होते तरी. तिसऱ्यांदाही आला. गोदावरीत असं कधी झालं नव्हतं. नदीत टाकलेलं जातं, हे आम्हाला माहीत. टाकलेलं परत आणून देणारं पाणी आमच्या कोणाच्या बघण्यात नव्हतं.

"घेत न्हाई," अण्णा म्हणाले. भिजलेले, धोतर पायाला चिकटलेलं. "ओळखत न्हाई आपल्याला."

होड्या वर ओढून ठेवल्या होत्या तिथे एक म्हातारी कोळीण बसली होती. ती मघापासून बघत असणार. ती उठून आली.

"भरतीत टाकलात होय? आता नाय घेणार तो. आता पाणी आत येतंय. ओहोटी लागू दे, दोन-अडीचला टाका, घेऊन जाईल लांब. गावाचा नारळ पण मागाहूनच निघतो. वाजत-गाजत येतात सगळे. थांबा की."

अण्णांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले.

"थांबू," म्हणाले.

"साडेबाराची बस आहे, अण्णा."

"उद्याच्या सकाळनं जाऊ की."

"परवा तपासणी आहे. साहेब येणार. सगळं माझ्यावर आहे."

त्यांनी टोपी काढून पिळली, परत घातली. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही त्या नळावर पाय धुवा, धोतर बदला. मी टाकते. मी तरणी आहे, मी लांब टाकते."

ते गेले. मी टाकला. तो आला. मी परत टाकला, रडवेली होऊन, शिव्या देत. परत आला. अण्णांची पाठ माझ्याकडे होती. अकरा पंचावन्न झाले होते. मी तो ओला नारळ उचलला, माझ्या पिशवीत साड्यांच्या खाली खुपसला आणि वर टॉवेल कोंबला.

"गेला का?" अण्णांनी नळावरून विचारलं.

"गेला," मी म्हणाले. "एका लाटेत गेला."

अण्णांनी समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं झालं," म्हणाले.

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. अण्णांनी सवयीने दोन्ही पिशव्या उचलल्या. माझी पिशवी त्यांनी जरा खाली ठेवली आणि परत उचलली. मला वाटलं, दमले. मी म्हटलं, "द्या माझ्याकडे." "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

तपासणीला साहेब आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात येतील असा निरोप आला. मुलांनी सुविचार लिहिलेला फळा मी स्वतः पुसला आणि संबंध दिवस ज्याला त्याला फाडून खाल्लं.

अण्णा परतूरला जाऊन बाजार समितीत सगळ्यांना समुद्राचं सांगायचे. खारट आहे, खरंच खारट आहे. त्याचा आवाज बंद होत नाही. नारळाचं काय झालं, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "लेकीनं टाकला." एवढंच. मी ते ऐकलं की उठून आत जायचे.

नारळ माझ्या घनसावंगीच्या घरात लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या मागे. नवऱ्याला मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "फोड आणि चटणी कर, एवढं काय." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. फोडवत नव्हता, टाकवत नव्हता, देवापुढे ठेवायची हिंमत नव्हती. त्यात आईचं सांगितलेलं होतं. सुरुवातीला हलवला की आत पाणी वाजायचं. दिवाळीनंतर ते कमी झालं. उन्हाळ्यात आतला गोटा सुटला आणि कपाटाचं दार जोरात लावलं की तो आत टक्कन आपटायचा. मी कपाटाचं दार हळू लावायला शिकले. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी हळू करत होते.

पुढची नारळी पौर्णिमा आली. सकाळी दहाच्या बसने अण्णा परतूरहून घनसावंगीला आले. आधी न कळवता, हात हलवत.

"चल, नदीला जाऊन येऊ," म्हणाले.

सतरा वर्षांत ते नदीला गेले नव्हते. मी चहा ठेवत होते. "नारळ आणायचा की मग," मी म्हटलं. "थांबा, कोपऱ्यावरच्या दुकानात असेल."

"कामून? तुझ्याकडं हाय की."

मी गॅस बंद केला. त्यांच्याकडे बघायची छाती होईना, म्हणून भांडं घासत राहिले, चहाचं स्वच्छ भांडं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चाळीस साल माप केलं बाई मी. क्विंटलच्या पोत्यात अर्धा किलो कमी असला तर हाताला कळतो. जाताना तुझी पिशवी केवढी होती अन् येताना केवढी झाली, ते न्हाई कळणार मला?"

"मग तिथेच का नाही बोललात? रागवायचं तरी."

अण्णा पाटावर बसले होते. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बोललो असतो तर तुझी गाडी चुकली असती," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बायकोची खबर इतकी वर्षं पोटात ठेवली होती, ती पोचवायला महाराष्ट्र ओलांडून गेले होते, आणि ती पोचायला अडीच-तीन तासांची कसर असताना, माझी बस चुकू नये म्हणून ते माझी जड पिशवी उचलून गाडीत बसले होते. मी कपाट उघडलं, शालू बाजूला केला. नारळ हातात घेतला तेव्हा तो आत टक्कन वाजला आणि मला रडू फुटलं. अण्णा म्हणाले, "चल, जल्दी कर, नाहीतर जीप जाईल," आणि आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच मला सोडून दुसऱ्या कोणी म्हटलं.

नदीला लाल पाणी होतं. काठाला बेशरमाची झुडपं, पलीकडे ऊस. जीपवाला म्हणाला, तासाभराने शेवटची फेरी, सणाचा दिवस आहे, मग घरी जाणार. अण्णा गुडघाभर पाण्यात जाऊन थांबले आणि नारळ माझ्यापुढे धरला.

"तू सांग. मागल्या खेपेला म्या सांगितलं."

"हे पाणी तिकडे जात नाही, अण्णा."

"म्हाईत हाय. तूच सांगितल्तं." ते जरासे हसले. "मंग जिकडं जातंय तिकडल्या समुद्राला तरी कळू दे."

मी नारळ दोन्ही हातांत धरला. काय बोलावं सुचेना. शाळेत दिवसभर बोलणारी बाई मी. शेवटी मी सुरुवात केली की आईला अंगणातली मेंदी फार आवडायची, ती स्वतः कधी लावायची नाही, दुसऱ्यांच्या पोरींना लावायची. मग डी.एड.चं सांगितलं. मग कावीळ. मग परीक्षा, आणि ते आठ दिवस. ते मी अण्णांसमोर कधी बोलले नव्हते. पाणी पिंढऱ्यांवर ढकलत होतं, अण्णा माझा दंड धरून उभे होते.

वर रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. परत वाजला. जीपवाल्याने हाक मारली, "बाई, निघायलो बरं का!"

मी मागे वळून त्याला 'जा' म्हणून हात केला. माझं सांगणं अजून आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत आलं नव्हतं.